‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ : पी अँड ओच्या बोटीची साडेतेरा वर्षं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या विलायती बोटींचा विषय निघाला की गप्पा टायटॅनिकवर जातात आणि तिथेच अडकतात. टायटॅनिक मुंबईला कधी आली नाही. मुंबईच्या धक्क्याला वर्षानुवर्षं लागत होत्या त्या पी अँड ओ (पेनिन्शुलर अँड ओरिएंटल) या ब्रिटिश कंपनीच्या टपाल बोटी. आपल्या माणसांनी त्या रंगवल्या, धुतल्या, चालवल्या, त्यांतून प्रवास केला. त्यांतलीच एक ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’. तिच्याबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

ही बोट केवढी होती आणि कुठे बांधली?

ग्लासगोमध्ये क्लाइड नदीच्या काठी लिंटहाउस नावाचा भाग आहे. तिथल्या अलेक्झांडर स्टीफन अँड सन्स यांच्या गोदीत ती बांधली गेली. १५ सप्टेंबर १९२८ रोजी ती पाण्यात उतरली आणि २९ मार्च १९२९ रोजी लंडनहून मुंबईकडे पहिल्या सफरीला निघाली. लांबी ६१२ फूट, रुंदी ७६ फूट, दोन धुरांडी, काळं अंग. पहिल्या वर्गाचे ४१५ आणि दुसऱ्या वर्गाचे २५८ प्रवासी मावत. खर्च दहा लाख पौंडांच्या वर गेला होता.

तिचं ‘टनेज’ साडेएकोणीस हजारांच्या पुढे होतं. हा आकडा वाचून बरेच जण तिचं वजन तेवढं असेल असं धरून चालतात. प्रवासी बोटीचं टनेज म्हणजे तिच्या आतली बंदिस्त जागा, शंभर घनफुटांना एक टन या हिशेबाने मोजलेली. वजनाचा त्याच्याशी संबंध नाही.

हे नाव कोणी ठेवलं?

आधी तिचं नाव ‘ताजमहाल’ ठेवायचं ठरलं होतं. बांधकाम चालू असताना ते बदललं. त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या पत्नी लेडी आयर्विन यांच्या हस्ते तिचं जलावतरण झालं. पी अँड ओच्या त्याआधीच्या मुंबईच्या बोटींची नावं आठवा: रांची, रणपुरा, रावळपिंडी, राजपुताना, मुलतान. सगळी हिंदुस्थानातल्या ठिकाणांची. हे नाव मात्र ठिकाणाचं नाही, पदाचं आहे. कायदेभंगाची चळवळ उभी राहत होती त्याच सुमारास मुंबईच्या बंदरात ‘हिंदुस्थानचा व्हाइसरॉय’ असं नाव मिरवत ही बोट येत-जात होती. त्या काळच्या सत्तेला स्वतःबद्दल काय वाटत होतं हे त्या नावावरून पुरतं कळतं.

‘टर्बो-इलेक्ट्रिक’ म्हणजे काय? एवढं कौतुक कशाला?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वाफेचं टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेतं. तेवढ्या वेगात ते उत्तम चालतं. पाण्यातला पंखा मात्र सावकाश फिरला तरच पाणी नीट मागे ढकलतो. मग या दोघांचं जमवायचं कसं? नेहमीचा मार्ग म्हणजे मध्ये दातेरी चाकांचा मोठा गिअर बसवायचा. तो चालतो, पण आवाज करतो, आणि त्याची थरथर बोटीभर पसरते.

या बोटीत गिअरच नव्हता. बॉयलर तेलावर चालत, कोळशावर नाही. त्यांच्या वाफेवर दोन टर्बाइन फिरत आणि ती वीज तयार करत. ती वीज जाड केबलांमधून मागच्या दोन प्रचंड मोटरींना मिळे आणि मोटरी थेट पंख्यांचे दांडे फिरवत. ताकद सुमारे १७,००० अश्वशक्ती, वेग १९ नॉट, म्हणजे तासाला साधारण ३५ किलोमीटर. विजेची यंत्रसामग्री इंग्लंडातल्या रग्बी शहरातल्या ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन कंपनीची होती. युरोपात बांधलेल्या मोठ्या प्रवासी बोटींमध्ये असं यंत्र बसवलेली ही पहिलीच.

याचा खरा फायदा धक्क्याजवळ दिसतो. समजा बोट बंदरात शिरते आहे आणि वरून हुकूम आला: मागे. साधं टर्बाइन उलटं फिरतच नाही. त्यामुळे गिअरच्या बोटीत मागे जाण्यासाठी वेगळं टर्बाइन ठेवावं लागे आणि त्याची ताकद पुढच्यापेक्षा बरीच कमी असे. इथे खाली माणूस फक्त विजेची जोडणी बदलायचा. टर्बाइन आपलं त्याच दिशेने फिरत राही, मोटर उलटी फिरू लागे, आणि तीही पूर्ण ताकदीने. सावकाश जायचं असेल तेव्हा एक जनित्र बंद ठेवून दुसऱ्याच्या विजेवर दोन्ही पंखे चालवता येत, म्हणजे तेलाचीही बचत.

प्रवाशाला यातलं काही दिसत नसे. त्याला एवढंच कळे की बोट शांत आहे. मुंबई–लंडनच्या वाटेवर लोक अडीच-तीन आठवडे त्या लोखंडी घरात राहत. रात्रभर पलंगाखाली घरघर नसणं ही त्यांच्या लेखी फार मोठी गोष्ट होती. पी अँड ओने पुढे ‘स्ट्रॅथनेव्हर’ आणि ‘स्ट्रॅथेअर्ड’ याच पद्धतीने बांधल्या. १९३५ च्या ‘स्ट्रॅथमोर’पासून मात्र कंपनी पुन्हा गिअरकडे वळली, कारण तोवर गिअरही सुधारले होते.

आतून ती कशी होती?

धूम्रपानाची खोली एखाद्या जुन्या ब्रिटिश वाड्याच्या दिवाणखान्यासारखी होती, वर लाकडी कमानींचं छत. जेवणाचं दालन अठराव्या शतकातल्या थाटाचं. पोहण्याचा तलाव बोटीच्या आत, पाँपेई शहराच्या रोमन शैलीत सजवलेला. पी अँड ओच्या बोटीत असा आतला तलाव पहिल्यांदाच आला. आज हे सगळं जरा जास्तच वाटेल. पण विलायतेला निघालेल्या माणसाला आपण बोटीवर नाही, मोठ्या हवेलीत आहोत असं वाटावं हाच तर हेतू होता.

ही सजावट केली एल्सी मॅके यांनी. पी अँड ओचे अध्यक्ष लॉर्ड इंचकेप यांची ती मुलगी. ती ‘पॉपी विंडहॅम’ या नावाने चित्रपटांत कामं करून चुकली होती, विमान चालवायची, आणि कंपनीच्या बोटींच्या दालनांची सजावटही बघायची. १३ मार्च १९२८ रोजी ती आणि वैमानिक कॅप्टन हिंचलिफ ‘एन्डेव्हर’ नावाच्या विमानातून इंग्लंडहून अमेरिकेकडे निघाले. अटलांटिक पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडणारी पहिली स्त्री व्हायचं तिच्या मनात होतं. ते विमान परत कोणाला दिसलं नाही. त्याच वर्षाच्या शेवटी त्याच्या चाकांकडचा एक भाग आयर्लंडच्या किनाऱ्याला लागला.

तारखा जुळवून पाहा. ती मार्चमध्ये गेली, बोट सप्टेंबरमध्ये पाण्यात उतरली. तिने कागदावर मांडलेली दालनं तिला तयार झालेली पाहता आली नाहीत. तिच्या वडिलांना मात्र ती पाहावी लागली. या बोटीच्या छायाचित्रांतलं ते भव्य छत बघताना मला दर वेळी हेच आठवतं.

मुंबई ते लंडन किती दिवस लागत?

साधारण अडीच-तीन आठवडे. १९३२ मध्ये या बोटीने लंडन ते मुंबई हे अंतर १७ दिवस १ तास ४२ मिनिटांत कापलं आणि तो त्या वाटेवरचा विक्रम ठरला. वाट अशी: मुंबई, एडन, सुएझ, पोर्ट सैद, मार्सेय आणि मग जिब्राल्टरला वळसा घालून लंडनजवळचं टिलबरी. घाई असलेला प्रवासी मार्सेयला उतरून आगगाडीने फ्रान्स ओलांडायचा आणि जवळजवळ आठवडा वाचवायचा. शिवाय बिस्केच्या उपसागरातली खवळलेली वाटही चुकायची. ज्यांना बोट लागते त्यांनी ही सवलत का घेतली असेल हे सांगायला नको.

ती गेटवे ऑफ इंडियाला लागायची का?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. गेटवे म्हणजे समारंभाची जागा. एवढ्या मोठ्या बोटीला तिथे धक्काच नाही. पी अँड ओच्या टपाल बोटी लागत बॅलार्ड पिअरला. धक्क्यावरच रेल्वेचं स्टेशन होतं, बॅलार्ड पिअर मोल. बोटीतून उतरायचं, जकात उरकायची आणि समोर उभ्या असलेल्या गाडीत बसायचं. १ सप्टेंबर १९२८ पासून फ्रंटिअर मेल इथूनच पेशावरकडे सुटू लागली, म्हणजे व्हाइसरॉय ऑफ इंडिया पाण्यात उतरण्याच्या दोन आठवडे आधी. बोट, टपाल आणि आगगाडी या तिघांचं वेळापत्रक एकमेकांत असं विणलेलं होतं की लंडनच्या पत्राला पेशावरला पोचताना मुंबईत फार थांबावं लागत नसे.

बोटी मुंबईहून शनिवारी सुटत. खालच्या प्रश्नातल्या बोटी सुटल्याच्या तिन्ही तारखा पंचांगात तपासून पाहा, तिन्ही शनिवार आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच बोटीने गोलमेज परिषदेला गेले होते ना?

हो, पहिल्या गोलमेज परिषदेला. ४ ऑक्टोबर १९३० रोजी ते मुंबईहून व्हाइसरॉय ऑफ इंडियाने निघाले. १२ नोव्हेंबरला लंडनमध्ये राजे पाचवे जॉर्ज यांनी परिषदेचं उद्घाटन केलं. अस्पृश्यांचा प्रतिनिधी म्हणून कोणी त्या टेबलाशी बसण्याची ती पहिलीच वेळ होती.

पुष्कळ ठिकाणी पहिली आणि दुसरी परिषद यांची गल्लत होते. दुसऱ्या परिषदेसाठी बाबासाहेब १५ ऑगस्ट १९३१ रोजी ‘मुलतान’ बोटीने गेले. गांधीजी त्यानंतर दोन आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, ‘राजपुताना’ बोटीने निघाले. बोटी तीन, कंपनी एकच. आपल्या राजकीय इतिहासातल्या तीन मोठ्या प्रवासांचा धक्का एकच, बॅलार्ड पिअर.

बाबासाहेबांचा आणि बोटींच्या युद्धाचा संबंध याहून जुना आहे. १९१७ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, ते लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परत आले. त्यांचं सामान आणि पुस्तकं वेगळ्या बोटीने येत होती. ती बोट टॉर्पेडोने बुडवली गेली. अर्धपोटी राहून जमवलेली पुस्तकं होती ती. बोट बुडाल्याची बातमी म्हटलं की आपण टन आणि माणसं मोजतो. एका विद्यार्थ्याची पुस्तकंही त्यात असतात.

‘पॉश’ हा शब्द पी अँड ओच्या तिकिटांवरून आला हे खरं का?

गोष्ट अशी सांगतात: विलायतेहून हिंदुस्थानकडे जाताना डावीकडची (पोर्ट आउट) आणि परत घरी येताना उजवीकडची (स्टारबोर्ड होम) केबिन घेतली की लाल समुद्रातलं ऊन कमी लागतं. श्रीमंत लोक तशा केबिनी घेत, त्यांच्या तिकिटांवर त्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं असत आणि त्यातून ‘पॉश’ झालं. गोष्ट छान आहे, पण असं छापलेलं एकही तिकीट आजवर पुढे आलेलं नाही. लाल समुद्रातला उकाडा मात्र शंभर टक्के खरा. ज्याला परवडे तो सावलीची बाजू मागून घेई.

बोटीवर काम कोण करायचं?

इथे जरा थांबू या, कारण बोटींची बहुतेक वर्णनं कप्तानापाशी सुरू होऊन कप्तानापाशीच संपतात.

पी अँड ओच्या बोटींवर अधिकारी ब्रिटिश आणि बाकीची बहुसंख्य माणसं हिंदुस्थानी असत. इंग्रज त्यांना ‘लस्कर’ म्हणत. कामांची विभागणी गावांप्रमाणे झालेली होती. डेकवर गुजरातच्या किनाऱ्यावरचे आणि कोकणातले, त्यात रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी पुष्कळ. इंजिनघरात पंजाब आणि सरहद्दीकडचे आगवाले आणि तेलवाले. जेवणाच्या दालनात, केबिनींत आणि भटारखान्यात गोव्याची माणसं.

डेकवर सारंगाचा शब्द शेवटचा. त्याच्या हाताखाली तांडेल, मग कसाब (सामानसुमान सांभाळणारा), मग खलाशी. सारंग बहुतेकदा आपल्याच गावातली, आपल्याच जमातीतली माणसं घेऊन येई. त्यामुळे एखाद्या बोटीचा डेक म्हणजे खाडीकाठचं एखादं अख्खं गाव, असंही असायचं. कप्तान हुकूम सारंगाला देई आणि सारंग तो आपल्या भाषेत पुढे पोचवे. माणसं पुरवणं त्याच्याच हातात असल्याने कामाला लागण्यासाठी त्याला पैसे चारावे लागत, ही तक्रारही तेवढीच जुनी आहे.

गोव्याच्या माणसांचा मुंबईतला आधार म्हणजे ‘कुड’. धोबीतलावच्या आसपास प्रत्येक गावाचा आपला कुड होता: एक मोठी खोली, भिंतीला लागून ओळीने पेट्या, एका टोकाला वेदी, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायचा तेर्स, म्हणजे जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना. बोट मिळेपर्यंत तिथे राहायचं, बोट मिळाली की पेटी उचलून धक्क्यावर जायचं. घरातला मुलगा कुठे आहे हे गावाला कुडातूनच कळायचं.

पगार? त्याच बोटीवर तेच काम करणाऱ्या ब्रिटिश खलाशापेक्षा हिंदुस्थानी खलाशाला कितीतरी कमी, युद्धाआधी तर चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढाच. झोपायची जागाही कायद्यानेच कमी ठरवलेली. १९३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा ठिकठिकाणच्या बंदरांत हिंदुस्थानी खलाशांनी पगारवाढ मिळाल्याशिवाय बोटीवर चढायला नकार दिला. शेकडो जणांना तुरुंगात टाकलं. तरी ते हटले नाहीत आणि पगार वाढवून घेतला. टॉर्पेडो गोरा आणि काळा बघून फुटत नाही, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

ती फक्त मुंबईच्याच वाटेवर होती का?

मुख्यतः. हंगाम नसे तेव्हा ती सहलीच्या सफरींवरही जायची, आणि शांत यंत्रामुळे त्या सफरींना चांगली मागणी होती.

‘डोरिक’ बोटीच्या अपघातात तिने काय केलं?

५ सप्टेंबर १९३५. पोर्तुगाल-स्पेनच्या किनाऱ्याजवळ दाट धुक्यात डोरिक नावाच्या सहलीच्या बोटीवर ‘फॉर्मिन्यी’ ही फ्रेंच बोट आदळली. डोरिकने बिनतारी संदेशावर मदत मागितली. व्हाइसरॉय ऑफ इंडिया आणि ओरिएंट लाइनची नवी कोरी ‘ओरायन’ या दोन्ही बोटी तिकडे धावल्या. व्हाइसरॉयने २४१ प्रवाशांना आपल्यावर घेतलं, बाकीचे बहुतेक ओरायनवर गेले. एकही माणूस दगावला नाही. डोरिक कशीबशी बंदराला लागली, पण दुरुस्त करण्याच्या लायकीची राहिली नाही आणि भंगारात गेली.

युद्धात तिच्यावर तोफा बसवून तिची लढाऊ बोट केली होती का?

तिची नाही. तिच्या कंपनीच्या कित्येक बोटींची केली, आणि त्याचे परिणाम भयंकर झाले.

१९३९ मध्ये ब्रिटिश आरमाराकडे गस्तीच्या बोटी कमी होत्या. मग प्रवासी बोटींवर जुन्या सहा इंची तोफा चढवून त्यांना आइसलंडच्या बाजूला गस्तीला पाठवलं. ‘रावळपिंडी’ त्यातलीच. २३ नोव्हेंबर १९३९ च्या संध्याकाळी तिची गाठ शार्नहोर्स्ट आणि ग्नाइझेनाउ या दोन जर्मन युद्धनौकांशी पडली. कप्तान एडवर्ड केनेडी यांनी शरण जायला नकार दिला. लढाई पाऊण तासही टिकली नाही. २३८ जण गेले, अवघे ३७ वाचले. युद्धाआधी जिच्या डेकवर मुंबईचे प्रवासी खुर्च्या टाकून बसत, ती बोट अशी गेली.

गांधीजींची ‘राजपुताना’ही तशीच गस्तीवर होती. १३ एप्रिल १९४१ रोजी आइसलंडच्या पश्चिमेला यू-१०८ या पाणबुडीने तिला बुडवलं.

व्हाइसरॉय ऑफ इंडिया युद्ध सुरू झाल्यावरही वर्षभर प्रवासी वाहतूकच करत होती. नोव्हेंबर १९४० मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि तिला सैनिक वाहणारी बोट केलं. लाकडी छताच्या त्या दालनांत आता सैनिक राहू लागले. जिथे सात-पावणेसातशे माणसं होती तिथे हजारो. मोठा वेग असलेल्या प्रवासी बोटींना या कामात फार मोल होतं. मालवाहू बोटींच्या चालीने जाण्यापेक्षा त्या लवकर पोचत, आणि पाणबुडीला त्यांच्यावर नेम धरणंही अवघड जाई.

ती कशी बुडाली?

१९४२ च्या नोव्हेंबरात ब्रिटन आणि अमेरिकेने उत्तर आफ्रिकेत सैन्य उतरवलं. त्या मोहिमेचं नाव ‘टॉर्च’. ८ नोव्हेंबरला मोरोक्को आणि अल्जीरियाच्या किनाऱ्यावर एकाच वेळी सैन्य उतरलं. व्हाइसरॉय ऑफ इंडियाने आपले सैनिक अल्जीअर्सला उतरवले. तिचं काम झालं होतं. ती परत निघाली.

११ नोव्हेंबर. पहिलं महायुद्ध संपल्याची तारीख. पहाटे साडेचारच्या सुमारास, ओरानच्या उत्तरेला खुल्या समुद्रात, यू-४०७ या जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो तिला लागला. ती पाणबुडी ब्रुलर नावाच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात होती.

बोट लगेच बुडाली नाही. साडेतीन तास ती तरंगत राहिली. त्यामुळेच माणसं वाचली. बोटीवर साडेचारशेच्या आसपास लोक होते, बहुतेक खलाशी आणि नोकर, थोडे तोफची आणि मोजके प्रवासी. ‘बोडिशिया’ या ब्रिटिश विनाशिकेने त्यांना उचललं. चार खलाशी गेले. सकाळी आठच्या सुमारास बोट पाण्याखाली गेली.

तीन दिवस आधी हाच टॉर्पेडो लागला असता तर बोट सैनिकांनी खच्चून भरलेली होती. मरणाऱ्यांचा आकडा किती झाला असता याचा विचारही करवत नाही. म्हणून या बोटीचा शेवट ‘फक्त चार’ अशा शब्दांत सांगायची सवय पडली आहे. मला तो ‘फक्त’ खटकतो. चार घरांत त्या दिवाळीनंतर कोणाचीतरी वाट बघणं सुरू राहिलं असेल.

पी अँड ओच्या बाकी बोटींचं काय झालं?

त्या एका मोहिमेत कंपनीच्या पाच बोटी गेल्या. व्हाइसरॉय बुडाली त्याच दिवशी अल्जीरियातल्या बूजी बंदराजवळ ‘कॅथे’वर बाँब पडले. तीन दिवसांनी ‘नारकुंडा’, त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘एट्रिक’. डिसेंबरच्या २१ तारखेला ‘स्ट्रॅथॅलन’ला टॉर्पेडो लागला. बाबासाहेबांची ‘मुलतान’ मात्र दोन्ही प्रकारची युद्धसेवा, आधी तोफांची आणि मग सैनिक वाहतुकीची, करून सुखरूप परतली आणि १९५४ पर्यंत तगली.

तिला बुडवणाऱ्या पाणबुडीचं पुढे काय झालं?

१९ सप्टेंबर १९४४ रोजी ग्रीसजवळ मिलोस बेटाच्या दक्षिणेला दोन ब्रिटिश आणि एक पोलिश विनाशिका यांनी तिला गाठून बुडवलं. भूमध्य समुद्रातल्या लढाईत बुडालेली ती शेवटची जर्मन पाणबुडी.

हिंदुस्थानी खलाशांचं स्मारक कुठे आहे?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व्यापारी बोटींवर सहा हजारांहून जास्त हिंदुस्थानी खलाशी मेले. लंडनच्या टॉवर हिलवर व्यापारी आरमाराचं मोठं स्मारक आहे, कांस्याच्या पाट्यांवर बोटवार नावं कोरलेली. आपल्या बहुतेक खलाशांची नावं तिथे सापडणार नाहीत. ती आहेत मुंबईत आणि चितगावात. मुंबईत मशीद बंदरच्या बाजूला, पी. डिमेलो मार्गावर, इंडियन सेलर्स होम आहे. समुद्रात ज्यांना कबर मिळाली नाही त्यांच्या नावांची नोंदवही तिथे ठेवलेली आहे, तशीच प्रत चितगावला. पहिल्या महायुद्धातल्या खलाशांचं स्मारकही याच इमारतीत आहे.

रोज हजारो लोक त्या रस्त्याने जातात. सीएसएमटीहून पायी जाता येण्यासारखी ती जागा आहे. मुंबईत इतकी वर्षं राहूनही ती ठाऊक नसलेली माणसं मला सतत भेटतात.

आमच्या घरात पणजोबांची बोटीवरची जुनी वही सापडली आहे. त्यात काय बघायचं?

ती बहुधा त्यांची नोकरीची नोंदवही असणार. खलाशी तिला ‘नल्ली’ म्हणत. ती म्हणजे त्या माणसाचं आयुष्यच. ती हरवली तर पुढची बोट मिळणं मुश्कील, म्हणून मेणकापडात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवलेली असे.

प्रत्येक सफरीला एक ओळ असते. बोटीचं नाव, तिचा क्रमांक, कामावर चढल्याची तारीख आणि बंदर, उतरल्याची तारीख आणि बंदर, हुद्दा, आणि शेवटी वर्तणुकीचा शेरा. बोटींची नावं इंग्रजीत घाईने लिहिलेली असतात. ‘व्हाइसरॉय’ किंवा ‘आर. पिंडी’ अशी तोडलेली नावंही आढळतात, म्हणून क्रमांकावरून खात्री करा, नावावर विसंबू नका. हुद्द्याचा रकाना वरून खाली वाचत या: खलाशी, कसाब, तांडेल. माणूस किती वर्षांत कुठवर चढला ते त्यात दिसतं. १९३९ ते १९४५ मधल्या ओळींत दोन सफरींच्या मध्ये अचानक मोठी रिकामी जागा दिसली, तर ती का, हे घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा.

घरातलं कोणी युद्धात बोटीवर गेलं आणि परत आलं नसेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या ऑनलाइन यादीत नाव शोधता येतं. नावांची इंग्रजी स्पेलिंगं तेव्हाच्या कारकुनांनी कानाला लागली तशी लिहिली आहेत. इब्राहिम चार तऱ्हेने, फर्नांडिस पाच तऱ्हेने. वडिलांचं नाव आणि गाव यांवरून शोधलं तर लवकर सापडतं.

आणि वही पुन्हा पुन्हा चाळण्याआधी तिच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून घ्या, सावलीत, फ्लॅश न लावता. खाऱ्या हवेत राहिलेला कागद घडीवर तुटतो आणि ती जांभळी शिक्क्याची शाई आधीच फिकट झालेली असते.